चेक-इन काउंटरवर अडकू नये म्हणून : प्रवेशाच्या कागदपत्रांची तपासणी कशी करावी

परदेशी पाहुण्याला देशात घ्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या देशाच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचा असतो. मात्र कागदपत्रांच्या उणिवेमुळे जे बेत फिसकटतात, त्यांतले बहुतेक त्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. ते निघण्याच्या विमानतळावर, चेक-इन काउंटरवरच संपतात. याचे कारण नियमांच्या रचनेत आहे. १९४४ च्या शिकागो कराराच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या कराराच्या, नवव्या परिशिष्टानुसार प्रवाशाकडे आवश्यक कागदपत्रे आहेत याची खबरदारी विमान कंपनीने घ्यायची असते, आणि प्रवेश नाकारल्या गेलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते. शिवाय अनेक देश अशा प्रत्येक प्रवाशामागे कंपनीला दंड ठोठावतात. युरोपीय संघाच्या २००१ सालच्या निर्देशात हा आकडा काही हजार युरोंच्या घरात आहे.

त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारी आपल्या हॉटेलच्या आरक्षणाकडे किंवा लग्नपत्रिकेकडे पाहून विरघळत नाही. तो पासपोर्ट यंत्राखाली धरतो आणि नागरिकत्व, पासपोर्टची मुदत, जाण्याचे ठिकाण, वाटेतले थांबे, मुक्कामाचे दिवस आणि परतीचे तिकीट हा तपशील समोरच्या संगणकात जातो. त्यावर उत्तर येते ते बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत ‘टिमॅटिक’ या माहितीकोशातून. आयाटा, म्हणजे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, हा कोश चालवते आणि देशोदेशींचे बदलते नियम त्यात सतत भरले जातात. पडद्यावर नकार आला तर कर्मचाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून नवख्या प्रवाशाने ‘तिथले लोक मला आत घेतील का’ एवढेच विचारून थांबू नये; ‘हा पडदा माझ्याबद्दल काय म्हणेल’ हा प्रश्न आधी विचारावा, आणि तोही तिकीट काढण्यापूर्वी. व्हिसा, पासपोर्टचे नूतनीकरण, लस यांपैकी कोणतीही गोष्ट निघण्याच्या आदल्या आठवड्यात हमखास मिळेल असे नाही.

पहिली पायरी : मार्ग कागदावर मांडावा

एका कोऱ्या कागदावर विमान जिथे जिथे उतरणार आहे त्या प्रत्येक विमानतळाचे नाव लिहावे, मग थांबा तासाभराचा का असेना. प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी नोंदवाव्यात : पुढचे उड्डाण त्याच तिकिटावर आहे की वेगळ्या, सामान थेट शेवटच्या ठिकाणापर्यंत जाणार आहे की मध्ये उचलावे लागणार आहे, आणि थांबा रात्रभराचा आहे का. कुटुंब प्रवास करत असेल तर प्रत्येक सदस्यासाठी हा कागद वेगळा करावा, कारण एकाच घरात दोन देशांचे पासपोर्ट असणे आता दुर्मीळ राहिलेले नाही आणि नियम माणसागणिक बदलतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नियम लागू होतो तो पासपोर्ट ज्या देशाचा आहे त्यानुसार. आपण कुठे राहतो यानुसार नव्हे. एखाद्या देशात वीस वर्षे राहिलेल्या माणसाला त्या देशाच्या नागरिकांना मिळणारी व्हिसामाफी आपोआप मिळत नाही. निवासपरवान्यामुळे काही ठिकाणी सवलत मिळते हे खरे, परंतु ती सवलत त्या देशाच्या नियमांत स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे याची खातरजमा करून घ्यावी आणि परवाना मूळ स्वरूपात, मुदत शिल्लक असलेला, जवळ ठेवावा. दुहेरी नागरिकत्व असणाऱ्यांची अडचण याच्या नेमकी उलट असते : अमेरिकेच्या नागरिकाने अमेरिकेत अमेरिकी पासपोर्टवरच प्रवेश करावा असा तिथला कायदा आहे, आणि कॅनडाही २०१६ पासून आपल्या दुहेरी नागरिकांकडून कॅनडाला जाणाऱ्या विमानात बसताना सर्वसाधारणपणे कॅनडाचा पासपोर्ट मागतो. अशा प्रवाशांनी दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवावेत.

दुसरी पायरी : पासपोर्ट केवळ ‘चालू’ असून भागत नाही

पासपोर्टची अंतिम तारीख उलटलेली नाही एवढे पाहून बहुतेक लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. अनेक देशांना प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिन्यांची मुदत लागते. शेंगेन क्षेत्राचा, म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम थोडा वेगळा आहे : तिथून बाहेर पडण्याच्या नियोजित तारखेनंतर किमान ३ महिने मुदत हवी, आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असावा. या दुसऱ्या अटीने ब्रिटिश प्रवाशांची बरीच दैना केली. सप्टेंबर २०१८ पर्यंत ब्रिटनमध्ये जुन्या पासपोर्टची उरलेली मुदत, जास्तीत जास्त नऊ महिने, नव्यात मिळवली जात असे. त्यामुळे काही पासपोर्ट १० वर्षांहून अधिक काळाचे होते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर हा नियम त्यांना लागू झाला, आणि अंतिम तारीख पुष्कळ दूर असूनही दिल्याची तारीख जुनी म्हणून लोकांना काउंटरवरून परतावे लागले. म्हणून दोन्ही तारखा वाचाव्यात : दिल्याची आणि संपण्याची.

कोरी पाने मोजून घ्यावीत. काही देशांना शिक्क्यासाठी एक, तर काहींना दोन पूर्ण कोरी पाने लागतात, आणि पासपोर्टच्या शेवटी असलेली सूचनांची पाने यात धरली जात नाहीत. पासपोर्ट भिजलेला, शिवण उसवलेला, फोटोच्या पानाचे आवरण सुटलेला किंवा एखाद्या पानाचा कोपरा फाटलेला असेल तर तो मुदतीत असूनही नाकारला जाऊ शकतो. इंडोनेशियाला जाणाऱ्यांच्या बाबतीत कंपन्या याकडे विशेष काटेकोरपणे पाहतात. पर्यटनस्थळी गंमत म्हणून मिळणारे शिक्के पासपोर्टवर मारून घेण्याची हौस अनेकांना असते. ती वहीत पुरवावी.

तिसरी पायरी : व्हिसा वाचायला शिकावे

व्हिसा मिळाला म्हणजे काम संपले असे नव्हे. शेंगेन व्हिसाचा स्टिकर समोर धरला तर त्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात : वरच्या ओळीत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो वापरता येईल, त्याखाली किती वेळा प्रवेश करता येईल, आणि शेजारी एकूण किती दिवस राहता येईल. वरच्या दोन तारखांत तीस दिवसांचे अंतर असले तरी मुक्कामाच्या रकान्यात पंधराच दिवस लिहिलेले असू शकतात, आणि बंधनकारक तो आकडा आहे. व्हिसा ज्या तारखेला सुरू होतो त्याच्या आदल्या रात्री अकराला उतरणारे विमान पकडायला गेले, तर तासाभराच्या फरकाने घोडे अडते. अमेरिकेच्या व्हिसावरची अंतिम तारीख मात्र वेगळे सांगते : ती तिथे दाखल होण्यासाठीची शेवटची तारीख असते, आणि किती दिवस राहायचे हे प्रवेशाच्या वेळी ठरते. दोन देशांच्या व्हिसांची भाषा सारखी असेल असे गृहीत धरू नये.

प्रवेशांच्या संख्येचा रकाना सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा घेऊन कोणी पॅरिसला उतरले, मध्ये चार दिवस लंडनला किंवा डब्लिनला गेले, तर परत शेंगेनमध्ये शिरण्यासाठी त्याच्याकडे व्हिसा उरत नाही. आणि हे त्याला लंडनच्या काउंटरवर कळते. ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हते, आणि आयर्लंड व सायप्रस युरोपीय संघात असूनही शेंगेनमध्ये नाहीत. वारंवार जाणाऱ्यांना ९० दिवसांचा हिशेबही ठेवावा लागतो : मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून गेल्या १८० दिवसांत आपण किती दिवस आत होतो ते मोजायचे, तो आकडा ९० च्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि त्यात येण्याचा व जाण्याचा दिवस दोन्ही धरायचे.

ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आता ऑनलाइन पूर्वपरवानगी आली आहे. अमेरिकेने आपली ‘एस्टा’ १२ जानेवारी २००९ पासून सक्तीची केली, कॅनडाची ‘ईटीए’ २०१६ मध्ये, न्यूझीलंडची २०१९ मध्ये आली, आणि ब्रिटनने २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ती लागू केली. ‘आम्हाला व्हिसा लागत नाही’ या वाक्यावर विसंबून निघालेले प्रवासी आता याच परवानगीपायी सर्वाधिक अडकतात. ती सहसा लवकर मिळते, पण मिळेलच असे नाही. अमेरिकेचा सल्ला निघण्याच्या किमान ७२ तास आधी अर्ज करण्याचा आहे. माझ्या मते तिकीट काढण्याच्या आदल्या दिवशीच तो करून टाकावा.

ही परवानगी माणसाच्या नावावर नव्हे, तर पासपोर्टच्या क्रमांकावर बांधलेली असते, आणि बारीक चुका घडतात त्या याच ठिकाणी. पासपोर्ट नवा केला की जुन्या क्रमांकावरची परवानगी निकामी होते, मग तिची दोन वर्षे शिल्लक का असेनात. क्रमांक टाइप करताना इंग्रजी अक्षर ‘ओ’ आणि शून्य यांची गल्लत झाली तर परवानगी मंजूर होते खरी, पण ती दुसऱ्याच क्रमांकाला चिकटते आणि काउंटरच्या यंत्राला सापडत नाही. जर्मन पासपोर्टच्या क्रमांकात ‘ओ’ हे अक्षर वापरलेच जात नाही, तिथे दिसतो तो नेहमी शून्यच असतो. तरीही ही चूक होत राहते. जन्मतारखेत दिवस आणि महिना यांची अदलाबदल हा दुसरा नेहमीचा घोळ. मंजुरीचा ईमेल आला की पासपोर्ट शेजारी ठेवून त्यातले एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहावे.

चौथी पायरी : वाटेतला देश

सर्वांत जास्त लक्ष या पायरीकडे द्यावे, कारण अनुभवी प्रवासीदेखील इथे ठेचकाळतात. ‘आम्ही विमानतळाच्या बाहेर पडणारच नाही’ हा युक्तिवाद प्रत्येक ठिकाणी चालत नाही. अमेरिकेत आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी बंदिस्त ट्रान्झिट विभाग, म्हणजे देशात प्रवेश न करता विमान बदलण्याची जागा, नाही; केवळ विमान बदलणाऱ्यालाही इमिग्रेशनमधून जावे लागते आणि सामान उचलून पुन्हा द्यावे लागते. त्यामुळे मेक्सिकोला जाणाऱ्या प्रवाशाचे विमान ह्यूस्टनला बदलत असेल तर त्याच्याकडे अमेरिकेचा व्हिसा किंवा एस्टा असणे भाग आहे. ब्रिटन आणि शेंगेन देश काही नागरिकत्वांसाठी विमानतळाच्या आतल्या ट्रान्झिटलाही वेगळा व्हिसा मागतात. शेंगेनच्या समान यादीत अफगाणिस्तान, बांगलादेश, इथिओपिया, घाना, इराण, इराक, नायजेरिया, पाकिस्तान, श्रीलंका असे देश आहेत, आणि त्याखेरीज एखादा सदस्य देश आपल्यापुरती भरही घालू शकतो. अमेरिका, कॅनडा किंवा जपानसारख्या देशांचा वैध व्हिसा जवळ असला तर यातून सूट मिळते, म्हणूनच पहिल्या पायरीतला कागद ऐकीव माहितीवर भरू नये.

याहून फसवा प्रकार म्हणजे शेंगेनमधले दोन थांबे. समजा, विमान बाहेरून फ्रँकफर्टला येते, तिथून माद्रिदला जाते आणि माद्रिदहून दक्षिण अमेरिकेला. प्रवाशाला वाटते की दोन्हीकडे आपण केवळ ट्रान्झिटमध्ये आहोत. परंतु फ्रँकफर्ट ते माद्रिद हे उड्डाण शेंगेनच्या दृष्टीने देशांतर्गत आहे. ते पकडण्यासाठी फ्रँकफर्टलाच इमिग्रेशन ओलांडून शेंगेनमध्ये प्रवेश करावा लागतो. ज्याला विमानतळाच्या आत थांबायला कोणताही व्हिसा लागत नाही, त्यालाही इथे पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. तिकिटे विकणारी संकेतस्थळे असे मार्ग स्वस्त दिसतात म्हणून बिनदिक्कत वर दाखवतात. व्हिसाची जबाबदारी प्रवाशाची, हे वाक्य त्यांनी अटींमध्ये कुठेतरी लिहिलेले असतेच.

वेगवेगळी तिकिटे जोडून केलेला प्रवास हा या पायरीचा तिसरा सापळा आहे. पहिल्या कंपनीच्या दृष्टीने आपला प्रवास वाटेतल्या विमानतळावर संपतो, आणि सामान पुढे जात नसेल तर ते उचलण्यासाठी त्या देशात प्रवेश करावाच लागतो. म्हणजे ट्रान्झिटचे नियम गळून पडतात आणि प्रवेशाचे नियम लागू होतात. रात्री बंद होणाऱ्या ट्रान्झिट विभागाचीही चौकशी करावी. काही विमानतळांवर रात्रभर आत थांबता येत नाही, आणि हॉटेलला जायचे तर पुन्हा व्हिसा आलाच.

पाचवी पायरी : लहानसहान वाटणारे कागद

परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट अनेक देश मागतात, विशेषतः व्हिसाविना किंवा उतरल्यावर मिळणाऱ्या व्हिसावर येणाऱ्यांकडून. एकेरी तिकिटावर जाणाऱ्याला हा प्रश्न काउंटरवर विचारला जाईल असे धरूनच चालावे. बसने किंवा बोटीने बाहेर पडण्याचा बेत असेल तर त्याचे आरक्षण छापून घ्यावे.

आगमन कार्डे आता ऑनलाइन झाली आहेत : सिंगापूर, १ जानेवारी २०२४ पासून मलेशिया, आणि १ मे २०२५ पासून थायलंड. ही तिन्ही कार्डे पोहोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत भरायची असतात आणि अधिकृत स्थळावर त्यांना शुल्क पडत नाही. शोधयंत्रावर सर्वांत वर दिसणारे, सरकारी वाटणारे स्थळ पैसे मागत असेल तर ते मध्यस्थाचे आहे हे ओळखावे. पत्त्याचा शेवट त्या देशाच्या सरकारी नावाने होतो का, हे पाहणे ही साधी युक्ती आहे.

पीतज्वराच्या लसीचा दाखला ही वेगळ्या जातीची अडचण आहे, कारण ती बहुतेक वेळा जाण्याच्या देशावरून नव्हे, तर आपण कुठून येत आहोत यावरून उद्भवते. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतल्या जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांकडे अनेक देश हा दाखला मागतात, आणि त्या देशाच्या विमानतळावर १२ तासांहून अधिक थांबलेल्यालाही पुष्कळ ठिकाणी तोच नियम लागू होतो. दाखला लस घेतल्यावर १० दिवसांनी ग्राह्य होतो, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून घेतलेल्या लसीचा काउंटरवर उपयोग नाही. एकदा घेतलेली लस ११ जुलै २०१६ पासून जन्मभर ग्राह्य धरली जाते. दाखल्याच्या जुन्या पिवळ्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी ती टाकून देऊ नये.

लहान मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजीआजोबांबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचे संमतीपत्र आणि जन्मदाखला बरोबर असावा. आईचे आणि मुलाचे आडनाव वेगळे असेल तर जन्मदाखल्याची गरज आणखी वाढते.

सहावी पायरी : नाव आणि खातरजमा

तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणे असावे, घरात हाक मारतात तसे नव्हे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी प्रत्येकी ४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. यंत्र वाचते त्या याच. आडनाव कुठे संपते आणि नाव कुठे सुरू होते, हे तिथे दोन कंसासारख्या खुणांनी दाखवलेले असते. लग्नानंतर बदललेले आडनाव, पासपोर्टवर एकच नाव असणे, वडिलांचे नाव मधोमध येणे, अशा बाबतीत त्या ओळीप्रमाणेच तिकीट काढावे आणि शंका असल्यास कंपनीला फोन करून नोंदीत खुलासा टाकून घ्यावा.

खातरजमेसाठी तीन ठिकाणे पुरेशी आहेत : ज्या देशात जायचे त्याच्या इमिग्रेशन खात्याचे किंवा दूतावासाचे संकेतस्थळ, विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील प्रवास कागदपत्रांचे पान, ज्यामागे सहसा टिमॅटिकच असते, आणि आयाटाचे स्वतःचे प्रवाशांसाठीचे पान. तिकीट काढण्यापूर्वी एकदा आणि निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा पाहावे. उत्तराच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवावा. ‘माझ्या मित्राला गेल्या वर्षी कोणी विचारले नव्हते’ ही माहिती नव्हे.

अडवले गेल्यास

सर्व काळजी घेऊनही कर्मचाऱ्याने नकार दिला तर आवाज चढवण्यात वेळ घालवू नये. उड्डाणाच्या आधी चेक-इन बंद होते आणि घड्याळ आपल्या विरुद्ध चालत असते. नेमका कोणता कागद कमी आहे, हे शब्दशः विचारावे आणि पडद्यावरची ती ओळ वाचून दाखवण्याची विनंती करावी. अनेकदा नोंद चुकीची केलेली असते, जसे की निवासपरवाना टाकायचा राहिला किंवा मुक्कामाचे दिवस चुकले. पर्यवेक्षकाला बोलावून घ्यावे आणि स्क्रीनशॉट दाखवावा. कमी असलेली गोष्ट ऑनलाइन परवानगी, आगमन कार्ड किंवा परतीचे तिकीट असेल तर फोनवरून तिथेच प्रयत्न करता येतो; अधिकृत स्थळावरूनच करावा, घाईत पहिल्या जाहिरातीवर बोट पडते.

हे साधत नसेल तर उड्डाण निघण्यापूर्वीच तिकीट बदलून किंवा रद्द करून घ्यावे. ही सूचना फार थोडे लोक पाळतात. प्रवासी आलाच नाही अशी नोंद झाली की बहुतेक कंपन्या पुढचे सर्व टप्पे, परतीच्या उड्डाणासह, रद्द करतात. मग आठवड्याने व्हिसा मिळूनही हातात काही राहत नाही. पहिल्या रात्रीच्या हॉटेललाही कळवावे, कारण तिथेही न आलेल्या पाहुण्याचे संपूर्ण आरक्षण जाऊ शकते.

भरपाईची आशा माफक ठेवावी. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात अपुऱ्या कागदपत्रांमुळे नाकारलेला प्रवास भरपाईतून वगळला आहे, आणि प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्येही हे कारण वगळलेलेच असते. पण कागदपत्रे पुरेशी असताना कंपनीने चुकून अडवले असेल तर गोष्ट वेगळी. ३० एप्रिल २०२० रोजी युरोपीय न्यायालयाने, लार्नाकाहून बुखारेस्टला जाणाऱ्या एका प्रवाशाच्या प्रकरणात, कंपनीने कागदपत्रे अपुरी ठरवली म्हणून विषय संपत नाही, तिचा निर्णय वाजवी होता की नाही हे न्यायालय तपासू शकते, असे स्पष्ट केले. यासाठी नकाराचे कारण लेखी मागावे, ते मिळत नसेल तर वेळ, काउंटर क्रमांक आणि सांगितलेले शब्द स्वतः टिपून ठेवावेत. चूक आपली असली तरी न वापरलेल्या तिकिटातील विमानतळ कर आणि शुल्कांचा परतावा अनेक कंपन्या अर्ज केल्यास देतात. न परतवण्याच्या स्वस्त तिकिटांवरही तो मिळू शकतो, फक्त तो आपणहून मागावा लागतो.